घरपट्टी गावची, नाइटलाइफ बांद्र्याचं!

वसईजवळ कामणला आमच्या गोदामात माल येतो तसा जातो. किस्से मात्र आले की जातच नाहीत. चार माणसांचं ऑफिस; दुपारी डबे उघडले की कुणीतरी सुरू करतंच. हल्ली सगळे किस्से एकाच माणसाचे असतात. प्रसाद सावंतचे.

प्रसाद आमच्याकडे डिस्पॅच बघतो आणि नालासोपाऱ्याला भाड्याने राहतो. त्याच्या साखरपुड्याला दोन वर्षं झाली. मुलगी ऋतुजा, वसईच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिने स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "आधी घर फायनल कर, मग तारीख काढू."

आता यात अवघड काय? पण साहेबांच्या दोन अटी. घरपट्टी गावची पाहिजे आणि नाइटलाइफ बांद्र्याचं! स्वतः साडेनऊला जांभया देणारा माणूस हा. ऋतुजाला काय पाहिजे, हे त्याने तिला कधी विचारल्याचं आमच्या तरी कानावर आलं नाही.

*

पहिला फ्लॅट विरारला बघितला. बावीस मजली टॉवर, लॉबीत मार्बल, बाहेर चिखल. प्रसादने एजंटला विचारलं, "इथे नाइटलाइफ कसं आहे?"

एजंट खूश झाला. "सर, एक नंबर! रात्री एक वाजता अख्खी सोसायटी खाली असते. लेडीज, जेन्ट्स, पोरंबाळं, सगळे!"

"रोज?"

"एक दिवसाआड. टँकर येतो ना!"

*

मग तो घरपट्टीच्या चौकशीला गेला. कुठल्या खिडकीवर, ते सांगत नाही, मलाही तिथेच भरायची असते. तासभर रांगेत उभा राहून त्याने विचारलं, "मॅडम, एवढ्या घरपट्टीत आम्हाला मिळतं काय काय?"

मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "पावती."

*

एका रविवारी तो आमच्या नंदाखालला आला. शेजारच्या वाडीत दोन खोल्या विकायच्या होत्या. ओट्यावर माझी आई केळीच्या पानांची चळत लावत बसली होती. ख्रिस्ती घरात पाऊल टाकलं की चांगल्या मराठी माणसाच्या तोंडातही काकूची आंटी होते, तसं याचंही झालं.

"आंटी, इकडे नाइटलाइफ कसं काय?"

"आहे की," आई म्हणाली. "सातला रोझरीची प्रार्थना, आठला जेवण. नऊ वाजता मी कुत्रा सोडते. त्यानंतर जे काय लाइफ असेल ते त्याचं!"

प्रसाद चहा न घेताच उठला. कुत्र्याने तेवढ्यात एक जांभई दिली होती, तीही त्याने मनावर घेतली.

*

आमच्या अकाउंटंट मंदाताई राऊत निर्मळ गावच्या. त्यांच्याकडे फुलांची वाडी आहे, पहाटे फुलं काढून मग त्या ऑफिसला येतात. एका सोमवारी त्या यायच्या आतच प्रसाद नाचत आला.

"सापडलं! निर्मळ! अंकल, काय नाइटलाइफ आहे! दिव्यांच्या माळा, पाळणे, खाज्याची दुकानं, पाय ठेवायला जागा नाही. आणि घरपट्टी ऐकाल तर हसाल! टोकन देऊन आलो."

"ऋतुजाला दाखवलंस?" मी विचारलं.

"सरप्राइज आहे!"

तेवढ्यात मंदाताई आल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "अरे गाढवा, ती जत्रा होती."

"पण मी फुगेवाल्याला विचारलं! तो म्हणाला, रोज असतं!"

"त्याचं रोजच असतं. उद्या तो दुसऱ्या गावाला फुगे विकेल. तू कुठे जाशील?"

टोकन काही परत मिळणार नव्हतं. पंधरा दिवसांनी संध्याकाळी त्याने ऋतुजाला तिथे नेलं, निदान घर तरी बघ म्हणून. रस्त्यावर एक स्कूटर आणि तिच्यामागे भाजीची टोपली, बाकी सामसूम. ऋतुजाने एकच प्रश्न विचारला, "माझी सेकंड शिफ्ट असते तेव्हा घरी यायला अकरा होतात. त्या वेळी या रस्त्यावर कोण असेल?"

प्रसाद म्हणाला, "कोणी नसेल गं! मस्त शांतता!"

हे त्याने आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितलं. मंदाताईंनी डबा बंद केला. मलाही त्या दिवशी त्याचा खरंच राग आला. दोन वर्षं ती पोरगी थांबली होती, आणि हा अजून बांद्र्यातच फिरत होता.

*

गेल्या महिन्यात ऋतुजा स्वतः ऑफिसात आली. नाइट ड्युटी करून थेट, डोळे तांबारलेले, हातात पेढ्यांचा बॉक्स. पहिला पेढा मंदाताईंना, दुसरा मला, तिसरा प्रसादला.

"घर घेतलं," ती म्हणाली. "वन आरके. स्टेशनपासून पाच मिनिटं. खाली रात्रभर चालू असणारं मेडिकल आहे आणि अकरा वाजता नाक्यावर रिक्षा उभ्या असतात. चार रात्री जाऊन बघून आले. लोन माझ्या नावावर, घर माझ्या नावावर."

आम्ही सगळे प्रसादकडे बघायला लागलो. पेढा त्याच्या तोंडात तसाच होता.

"अगं, पण..." त्याने कसाबसा गिळला. "घरपट्टी किती?"

"ती मी भरणार आहे. तू भाडं किती, ते विचार."

गोदामात हमालांनीसुद्धा खोकी खाली ठेवली. मंदाताई पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या. प्रसादने पेढ्याची बोटं रुमालाला पुसली. मग हळूच म्हणाला,

"आणि डिपॉझिट?"