नाल्यापुरते टायर

आमच्या गावातून कोणी बाहेर निघालं की घरचे एकाच फोनची वाट पाहतात. "पार झालो." बस, एवढंच. म्हणजे नाला ओलांडला. आलापल्लीच्या आत जंगलात आमचं गाव, गावाच्या आणि डांबरी रस्त्याच्या मधे तो नाला, आणि नाल्यावर एक रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, जो पावसाळ्यात दिसतसुद्धा नाही. नाला ओलांडला की माणूस पोचल्यातच जमा. पुढे त्याला चंद्रपूर गाठायचंय की नागपूर, याची फिकीर कोणी करत नाही. फोन आला की बाया चुलीकडे वळतात. मीही वळायची.

मायच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि नंबर लागला चंद्रपूरला. माय म्हणजे विहारात वंदना सांगणारी बाई. ती एक ओळ म्हणायची आणि अख्खा विहार तिच्यामागून म्हणायचा. आता त्रिसरण अर्ध्यावर आलं की तिचा दम संपायचा. भाऊ माझ्याहून मोठा, जुनी जीप घेऊन सवाऱ्या मारायचा. मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली, अंगणवाडीत कामाला, तोंडाची तिखट. मायला नेणं-आणणं आम्हा दोघांवर, आणि घर वहिनीवर.

गेल्याच्या गेल्या पावसात डायलिसिसची एक पाळी चुकली. नाला दोन्ही काठ भरून वाहत होता, आणि आम्ही जीपमध्ये बसून त्याच्याकडे बघत होतो. घरी परत आणलं तेव्हा मायचे पाय असे सुजले होते की चपला चढेनात. रात्रभर ती भिंतीला टेकून बसली, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. त्या पाळीनं भाऊ हादरला. डोकं फिरल्यासारखा एकच घोकत बसला, नाला, नाला, नाला.

मग एकदा चंद्रपूरला माय मशीनवर असताना तो गॅरेजं पालथी घालून आला. परत आला तो जीपला जंगलातल्या शर्यतीच्या गाड्यांसारखे दणकट, खोल खाचांचे टायर लावून. जीप हातभर उंच वाटत होती. मायला चढवायला खाली स्टूल ठेवावं लागलं. मी तिथंच बोलले, की बाबा रे, नाला केवढा आणि चंद्रपूर केवढं, काही हिशोब आहे का? तो हसला. मला म्हणाला, तुले काय समजते गाडीतलं.

समजत होतं तेवढं पुरे होतं. आधीच्या एका खेपेला गॅरेजचा मिस्त्री माझ्यासमोरच त्याला बोलला होता, "भाई, टायर बडा करोगे तो पीछे का क्राऊन-पिनियन भी बदलो. नहीं तो टॉप गिअर भूल जाओ." क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या चाकांना जोर देणारे दाते. ते नागपूरहून मागवावे लागणार होते, आणि गाडी तितके दिवस उभी राहिली असती. गाडी उभी म्हणजे मायचं डायलिसिस चुकलं. भाऊनं ते पुढे ढकललं. साधी गोष्ट आहे हो, बैल तेच आणि बंडीला चाकं मोठी. एका फेऱ्यात चाक जास्त रस्ता कापतं खरं, पण ते फिरवायला जोर जास्त लागतो, आणि तो आणायचा कुठून?

पण नाल्यात मात्र त्यानं कमाल केली, खोटं काऊन बोलू. पहिल्या पुरात रपट्यावर मांडीभर पाणी होतं, आणि जीप त्यातून म्हशीसारखी निवांत निघाली. काठावर गाव जमलं होतं. पोरं ओरडली, म्हाताऱ्यांनी मान हलवली. भाऊनं पलीकडे जाऊन वहिनीला फोन लावला, "पार झालो," आणि मागे वळून मायकडे असं पाहिलं, की मलाही हसू आलं. माय त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, माझ्या पोरानं नाला जिंकला.

डांबरावर आलो की सगळा तोरा उतरायचा. टॉप टाकला की जीप थरथरायची आणि धापा टाकत मंद व्हायची. मग चौथा, चढ आला की तिसरा. खाचांचे टायर डांबरावर भुंग्यासारखे घोंगावत राहायचे, मायचं डोकं दुखायचं. जरा वेग धरला की जीप डोलायची, आणि ब्रेक मारला तर थांबायच्या जागेच्या पुढे जाऊन थांबायची. रस्ता तर विचारूच नका. लोहखनिजाच्या ट्रकांनी त्याची चाळणी केलेली. पूर्वी सकाळी निघून वेळेत पोचायचो, आता उशीर व्हायला लागला. नर्स कुरकुर करायची आणि मशीनवरचा मायचा वेळ कापला जायचा. मी भाऊला म्हणायची, जुने टायर लाव. तो म्हणायचा, आणि नाला?

त्या आठवड्यात झड लागली होती. मायची एक पाळी आधीच हुकलेली. ट्रक फसून रस्ता बंद पडला होता. तिचे डोळे सुजून बारीक झाले होते, आणि बोलताना दर दोन शब्दांवर थांबायची. रस्ता उघडल्याचं कळलं तसे आम्ही उजाडता उजाडता निघालो. रपट्यावर पाणी कंबरेइतकं. मी डोळे मिटले. जीप निघाली पलीकडे. भाऊनं वहिनीला फोन लावला, "पार झालो."

आलापल्लीच्या पंपावर डिझेल नव्हतं, टँकरच आला नव्हता. आष्टीच्या पंपावर ट्रकांची ही लांब रांग. आता, आमच्या जीपचा डिझेलचा काटा घेतली तेव्हापासून मेलेला. भाऊ किलोमीटरच्या मीटरवर हिशोब ठेवायचा. टाकी भरली की मीटर पाहून ठेवायचा, इतके किलोमीटर झाले की परत भरायची. मोठे टायर डिझेल जास्त पितात हे त्याला माहीत होतं, तेवढं तो धरूनच चालायचा. त्यानं मीटरकडे पाहिलं, मागे मायकडे पाहिलं. चंद्रपूरपर्यंत आरामात जाते, म्हणाला. रांगेत थांबला नाही. मीही थांब म्हटलं नाही, कारण मायचा श्वास माझ्या खांद्याला लागून होता, आणि तो मला ऐकू येत होता.

गोंडपिपरी मागे टाकली आणि कोठारीच्या जंगलात जीपनं दोन आचके दिले. बंद. भाऊनं बॉनेट उघडलं, वाकला, आणि उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडावर रक्त नव्हतं. डिझेल संपलं होतं.

फोनला रेंज नव्हती. ट्रक थांबत नव्हते. शेवटी एक मोटरसायकलवाला थांबला, भाऊची कॅन घेऊन गेला. देव करो न करो, त्या माणसाचं भलं होवो. डिझेल घेऊन आलाही तो. पण डिझेलची गाडी कोरडी पडली की नळीत हवा भरते. नुसतं डिझेल ओतून ती चालू होत नाही, ती हवा काढत बसावं लागतं. भाऊ चिखलात गुडघे टेकून पंप मारत होता. सेल मारायचा, घुर्र घुर्र, आणि गप्प. परत पंप.

तेवढ्यात एसटी आली. मी रस्त्याच्या मधे उभी राहिले, थांबवलीच. कंडक्टर भला माणूस, खाली उतरला, पुढची सीट रिकामी केली त्यानं. मी मायला धरून उठवायला गेले. तिनं जीपच्या दांडीला हात घट्ट धरला होता.

"बसमंदी नाई," ती म्हणाली. "माह्या पोराची गाडी... सुरू होऊन राह्यली."

मी रागावले. हात जोडले. तिची बोटं एकेक करून सोडवायला लागले, तर ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला पुढे करवेना. भाऊ तिकडून ऐकत होता, तेलकट हात तसेच. तोही म्हणाला, "माय, जा वं बसनं." तिनं मान हलवली. तिला वाटलं असेल, ती बसमध्ये चढली तर पोराचे टायर हरले. एसटी किती वेळ थांबणार? गेली.

मी परत मायचं डोकं खांद्यावर घेऊन बसले. जीप सुरू झाली तेव्हा भाऊ ओरडला, "झाली, माय, झाली!" माझ्या खांद्यावरचा श्वास त्याच्या थोडा आधी थांबला होता. इंजिन चालू होतं म्हणून मला ते सांगायला मोठ्यानं बोलावं लागलं.

चंद्रपूरला जाऊन आता काय करायचं होतं? भाऊनं जीप वळवली. घरी फोन लावायची हिंमत आमच्यात कोणाचीच झाली नाही. मी मागे मायला मांडीवर घेऊन बसले. बऱ्याच वेळानं माझं लक्ष गेलं, भाऊ रस्त्याकडे कमी आणि कडेच्या किलोमीटरच्या दगडांकडे जास्त पाहत होता. दगड गेला की मीटरवर नजर. परत दगड, परत मीटर. ओठ हलत होते. दगड पुढे पळत होते आणि मीटर मागे राहत होतं.

"हा मीटर खोटं बोलून राह्यला," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त रस्ता जायला लागला, आणि मीटर बिचारं अजून जुन्याच चाकाचे फेरे मोजत होतं. आम्ही जितके आलो असं ते सांगायचं, त्याहून नेहमीच पुढे आलेले असायचो, आणि डिझेलही तेवढं जास्त जळलेलं असायचं. मला वाटलं त्याच्या डोक्यात काहीतरी घालावं, आणि वाटलं त्याला जवळ घ्यावं. दोन्ही केलं नाही. माझ्या मांडीवर माय होती.

नाल्यावर आलो तेव्हा पाणी उतरलं होतं. रपट्यावर घोटाभर. एक पोरगं सायकल रेटत आरामात जात होतं. पलीकडे वहिनी धुणं पिळत होती. डायलिसिसच्या दिवशी आम्ही अंधार पडल्यावर येतो, म्हणून जीप पाहून तिला नवल वाटलं. जीप पलीकडे चढली तशी पदराला हात पुसत ती पुढे आली आणि तिनं विचारलं, काऊन आज लवकर?

भाऊ स्टेअरिंगकडे पाहतच बोलला.

"माय पार झाली."

आमच्या गावात त्या शब्दाचा अर्थ एकच. वहिनी हसली, आणि मायला उतरवायला स्टूल काढत मागच्या दाराशी आली.