आज चाललात का?

समुद्रकाठच्या आमच्या दांडी गावात माझ्या शेजारणीला शुगर आहे. चालली नाही तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी ही ओट्यावर चुळबुळत बसणार, आणि जीव माझा खालीवर! दवाखान्यातून तिच्या फोनवर सकाळी मेसेज येतो. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचते, "आज चाललात का?"

पहिल्यांदा ऐकलं तशी ती ताडकन उठली. "कुटं चालली मी? मेली नाय अजून!" आणि भेटेल त्याला "हाय मी, हाय!" असं सुनावत किनाऱ्याने तरातरा फिरून आली. तेव्हापासून रोज हेच.

तरुणपणी मी सासूच्या शिव्यांचंही व्याकरण सुधारायचे. तेव्हाची मी असते तर हिला खरा अर्थ समजावून परत ओट्यावर बसवलं असतं. आता मेसेज वाचताना मी आवाजात जरा गहिवर आणते.