हनुवटीखालची दोन बोटं

वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा, तेव्हाची गोष्ट. चिखलीच्या वेशीबाहेर एका मळ्यातल्या विहिरीवर एक मोटकरी दिवसभर मोट हाकायचा. दुपार कलली की बैल सोडायचा आणि गावातल्या पोरांना फुकट पोहायला शिकवायचा. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. त्याच्या हाकेत आम्हीही सगळे नुसते 'बे'च होतो.

पाठीला वाळका भोपळा बांधायचा, हनुवटीखाली दोन बोटं धरायची आणि "हाण पाय" म्हणायचं, एवढीच त्याची विद्या. नियम मात्र कडक. नुसतं पोहता आलं म्हणजे शिकून झालं नाही; पुढच्या एकाला शिकवलं की झालं.

मी पोहायला लागलो. आता माझ्या वाट्याला शिकाऊ म्हणून कोण यावं? आमचे गणिताचे मास्तर! त्यांच्या छडीनं माझे तळहात रोज लाल व्हायचे. मी मनातून भलताच खूश झालो. ते पाण्यात उतरताच ओरडलो, "हाणा पाय! जोरात!"

काठावर बाभळीची काडी चघळत बसलेला मोटकरी म्हणाला, "वरडू नको बे. भेव मोठ्याइलेबी वाटते. बोटं धर."

मी धरली. दाढीचे खुंट टोचले. मास्तर माझा दंड घट्ट धरून होते. मग एकदम तरंगले, आणि नाकातोंडात पाणी गेलं तरी हसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझं त्रैराशिक चुकलं. मास्तर छडी घेऊन आले. मी हात पुढे केला. त्यांनी छडी काखेत धरली, माझ्या हनुवटीखाली दोन बोटं ठेवली आणि हळूच म्हणाले, "हाण पाय."