पॉलिश करण्याआधीचा फोटो

नेर रस्त्यावरच्या त्या पुलावर काय घडले, ते मी आजही विसरू शकलेलो नाही. निवृत्त होण्याआधी मी त्या भागात ठाणेदार होतो. कापूस वेचायला निघालेल्या तांड्यातल्या एका बाईला सकाळच्या धुक्यात कारने उडवले आणि चालक न थांबता पळाला. पाहणारे कोणी नव्हते, कॅमेराही नव्हता. पंचनाम्यात एवढेच मिळाले: पुलाच्या बुटक्या कठड्याचा नवा पिवळा-काळा रंग हातभर खरवडला होता आणि त्यात ॲल्युमिनियमची चकाकी होती.

बाई बेशुद्ध होती. तिसऱ्या दिवशी तांड्याचा नायक पन्नासेक माणसे घेऊन ठाण्याच्या फाटकाशी बसला.

"साहेब, बाई आमची बोलून नाही राह्यली. तुमी तरी बोला. गाडी मोठ्या माणसाची हाय म्हणून चूप आहा का?"



त्याच दुपारी खबर आली. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत घासलेली अलॉय चाके दुरुस्त करणारा एक कारागीर होता. अपघाताच्या दिवशीच त्याच्याकडे एक पांढरी कार आली होती. डावीकडचे पुढचे चाक संध्याकाळपर्यंत नव्यासारखे करून द्या, असा मालकाचा हट्ट होता.

कारागिराला ठाण्यात आणले. चाळिशीचा माणूस, बोटांच्या पेरांत राखाडी भुकटी मुरलेली.

"मले काही माहीत नाही, साहेब. चाकं रोजच येतात."

नजर जमिनीवर, बोटे सारखी शर्टाला पुसत होता. हा सामील आहे, असे मी धरूनच चाललो. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, कोठडी दाखवली. तो अधिकच मिटत गेला. बाहेर घोषणा सुरू झाल्या.

मी शिपायांना बाहेर पाठवले आणि केवळ थकून विचारले, "तुमचं काम नेमकं कसं असतं, भाऊ?"

तो जरा सैल झाला. "चाक उतरवतो, धुतो. खड्डा असन तं वेल्डिंगनं भरतो. मंग पॉलिश पेपर, बफिंगनं चमक, वरून लॅकरचा थर. पण सगळ्यात पहिले फोटो काढतो. नाही तं गिऱ्हाईक म्हणते, ही खरोच तूच पाडली..."

तो एकदम थांबला.

"त्या चाकाचा फोटोही काढला होता?" मी हळूच विचारले.

तो रडू लागला. "काढला होता, साहेब. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बातमी पाह्यली तवा समजलं. गाडीचा मालक येऊन सांगून गेला, पुरावा तं तूच पुसला, तोंड उघडलं तं पहिले तूच आत जाशीन. मले दोन पोरी हायेत."

फोटोत चाकाच्या ओरखड्यांत पिवळा-काळा रंग स्पष्ट दिसत होता. शिवाय चाक उतरवताना त्यामागे गुंडाळलेला, आरसे टाचलेला लाल कापडाचा तुकडा त्याला सापडला होता. "बातमी पाह्यल्यावर फेकाले हात धजला नाही," तो म्हणाला. दुकानातल्या डब्यातून तो तुकडा पंचांसमक्ष जप्त केला. तो बाईच्या ओढणीचा आहे, हे तिच्या बहिणीने पाहताच ओळखले.

गाडीचा मालक तालुक्यातला वजनदार माणूस. "चाक फूटपाथला घासलं," तो ठामपणे म्हणाला. मी फोटो समोर ठेवला. "असा रंग कुठल्या फूटपाथला आहे?" त्याने वकिलाला बोलवायला सांगितले. प्रयोगशाळेच्या अहवालात कापडाच्या तुकड्याला लागलेला रंग कठड्याच्या रंगाशी जुळला.

बाई वाचली, पण पायात अधूपणा राहिला. खटल्यात बचावाच्या वकिलाने कारागिराला उलटतपासणीत घेरले: पुरावा तुम्हीच पुसला ना?

"हो, पुसला. माहीत नव्हतं म्हणून पुसला. माहीत झाल्यावर भेलो. आता सांगून राह्यलो."

गाडी मालकच चालवत होता, हे सिद्ध झाले आणि त्याला शिक्षा झाली.

भ्यालेला माणूस आणि गुन्हेगार समोर बसले की सारखेच दिसतात, हे मला त्या खोलीत कळले. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कळले, याची लाज वाटते. तपासाचे कौतुक झाले. पण त्या माणसावर मी तासभर जो आवाज चढवला, त्याची नोंद स्टेशन डायरीत कुठेही नाही. म्हणून ती इथे करतो आहे.