साल्साच्या क्लासमधलं स्थळ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा किस्सा सांगताना माझे कान अजूनही गरम होतात. वीस वर्षं होत आली. नाशिकला इंदिरानगरच्या त्या गल्लीतून जायची वेळ आली तर आजही मी लांबचा रस्ता घेतो. पेट्रोल जळतं, पण अब्रू वाचते.

तेव्हा मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. वय सत्तावीस, लग्नाचं. घरी मी आणि आई. वडील लवकर गेले, त्यामुळे आमच्या घरातला कर्ता पुरुष म्हणजे मामा. मामाची मखमलाबादला गुलाबाची शेती. रोज पहाटे टेम्पोत फुलं भरून बाजारात यायचा आणि जाताना आमच्याकडे चहा घ्यायचा. चहाबरोबर रोज एकच विषय, संजूचं लग्न.

कॉलेज रोडला एका इमारतीत मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकायला जात होतो. वरच्या मजल्यावर शनिवार-रविवार साल्साचा क्लास चालायचा. साल्सा म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटलं, खायचा पदार्थ असावा. पण वरून ते संगीत यायला लागलं की माझा पाय टेबलाखाली आपोआप हलायचा. एक दिवस धीर करून जिना चढलो आणि नाव घातलं.

तुम्हाला सांगतो, त्या नाचासारखं सुख नाही. आपण आयुष्यभर वरातीत नाचलेली माणसं. दोन्ही हात वर, रुमाल तोंडात. इथे तसं नाही. समोर एक जोडीदार असतो आणि त्याच्याशी तोंडाने बोलायचं नाही, हाताने बोलायचं. तुम्ही हात जरासा उचललात की समोरची गिरकी घेते. जरासा दाबलात की थांबते. कारखान्यात दिवसभर ओरडून माझं कुणी ऐकत नव्हतं, आणि इथे नुसत्या बोटाच्या इशाऱ्यावर माणूस वळत होता.

आता सरांचे नियम ऐका. सर नाशिकरोडचेच, पण मुंबईला जाऊन शिकून आलेले. पहिला नियम, दागिने काढून ठेवायचे. गिरकी घेताना चेन अडकते, बांगडी लागते, म्हणून अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं सगळं पिशवीत. दुसरा नियम, जोडीदार सतत बदलायचा, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांबरोबर नाचता येतं. आणि तिसरा नियम, नजर जोडीदाराच्या डोळ्यांत आणि चेहऱ्यावर हसू. खाली पायांकडे बघितलं की सर ओरडायचे.

तर त्या क्लासमध्ये मनीषा होती.

माझ्याच वयाची असेल. शांत. नाचायची छान. तिच्याबरोबर पाळी आली की माझी पावलं बरोबर पडायची. आणि ती माझ्या डोळ्यांत बघून हसायची. आता सरांनी सांगितलंय म्हणून ती हसते, सगळ्यांकडे बघून हसते, क्लासमध्ये इन्शुरन्सवाले साठीचे काका आहेत, त्यांच्याकडे बघूनही हसते, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण माझ्याकडे बघून ती जरा जास्त हसते, असं मी ठरवून टाकलं होतं.

मधल्या एका रविवारी कारखान्यात तपासणी आली आणि माझा क्लास बुडला. नेमकं त्याच दिवशी सरांनी सांगितलं की दिवाळीनंतर हॉल घेऊन क्लासचा कार्यक्रम करायचा आहे आणि प्रत्येकाने आपली जोडी ठरवावी. हे मला कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, मला माहीत असेल.

पुढच्या शनिवारी क्लास सुटल्यावर मी मनीषाला जिन्यात गाठलं. आठवडाभर आरशासमोर वाक्य पाठ केलं होतं. ते सगळं विसरलो आणि कसाबसा म्हणालो, "मनीषा, एक विचारायचं होतं. आपली जोडी... तुम्हाला चालेल का?"

ती लगेच म्हणाली, "अहो, मी तुम्हालाच विचारणार होते. बाकीच्यांची मला भीतीच वाटते. पण घरी विचारावं लागेल."

इतकं सोपं असतं? मी जिन्यावरून खाली कसा आलो, मला आठवत नाही. माझा मोबाइल नंबर तिला दिला आणि घरी जाऊन आईला सांगितलं. आई देवापुढे जाऊन बसली.

रविवारी सकाळी फोन आला. घरी हरकत नाही, पण आईंना एकदा तुम्हाला बघायचंय, क्लासच्या आधी चारला येऊ शकाल का? मी म्हटलं, येऊ की. "येऊ" म्हटलं, "येईन" नाही. तिच्याही ते लक्षात आलं नाही.

मामाला निरोप गेला. त्याचा पहिला प्रश्न, मुलीचं आडनाव काय? मला माहीत नव्हतं. क्लासमध्ये सगळे नावानेच ओळखायचे. मामा म्हणाला, "बाबा, तू मुलगी पाहिली का नुसते तिचे पाय?"

पण आला. इस्त्रीचा सदरा, टोपी, आणि टेम्पोत गुलाबाची एवढी मोठी टोपली. आईने पिशवीत नारळ, खण आणि पेढे घेतले. टेम्पो इंदिरानगरला त्यांच्या बिल्डिंगखाली उभा राहिला तेव्हा वॉचमनने विचारलं, कुणाकडे लग्न आहे? मामाने त्याला एक गुलाब दिला.

दार एका साठीच्या बाईंनी उघडलं. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, हे त्यांनी पहिल्या मिनिटात सांगितलं, आणि नसतं सांगितलं तरी कळलंच असतं. तिघांना बघून त्या जरा चकित झाल्या, पण म्हणाल्या, बरं झालं, घरचेही आले. मनीषा आत पोहे करतेय. आईने माझ्याकडे बघून मान हलवली. पोहे म्हणजे रीतसरच चाललंय.

बाईंनी मला उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. चालून दाखवायला सांगितलं. मी खिडकीपर्यंत जाऊन परत आलो. मामा माझ्या कानात कुजबुजला, की पूर्वी मुलीला चालायला लावायचे, आता मुलाला लावतात, घोर कलियुग. मग त्यांनी विचारलं, हाताला घाम फार येतो का? आई गडबडली, पण म्हणाली की नाही, लहानपणापासून कोरडे आहेत.

बाई म्हणाल्या, "कार्यक्रम दिवाळीनंतर आहे. हॉल ठरलाय म्हणे."

मामाचा चेहरा पडला. आम्हाला न विचारता हॉल?

"ते सगळं सर बघतात," बाई म्हणाल्या.

आईने हळूच मला विचारलं, सर म्हणजे मुलीचे वडील का, तेही शिक्षक आहेत का? मला स्वतःलाच काही कळत नव्हतं. पण मनीषाचं आणि माझं जमतंय या आनंदात मी मान डोलवत होतो.

"माझी एक अट आहे," बाई पुढे म्हणाल्या. "उचलाउचली चालणार नाही. तिच्या कमरेला त्रास आहे."

आता उचलायचं म्हटल्यावर मामा खुलला. आमच्याकडे माळ घालताना मामा लोक उचलून घेतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तो छाती पुढे काढून म्हणाला, "ताई, उचलायचं काम मामाचं राहतं. तुम्ही लय काळजी करू नका. मी रोज फुलांच्या पाट्या उचलतो."

बाईंनी त्याला टोपीपासून चपलेपर्यंत बघितलं. "तुम्हीही आहात त्यात?"

"मामाशिवाय कसं व्हायचं, ताई?"

"या वयात," बाई म्हणाल्या, "कौतुक आहे."

आईला वाटलं, आपणही काहीतरी बोलावं. ती म्हणाली, शालू आमच्याकडून. बाई म्हणाल्या, शालूत पाय अडकेल, गुडघ्यापर्यंतचं काहीतरी शिवून घेऊ. आईने नारळाची पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"आणि हे एवढ्या एका वेळेपुरतंच हं," बाईंनी बजावलं. "दरवर्षी नको."

मामा गंभीर होऊन म्हणाला, "ताई, माणसाच्या आयुष्यात हे एकदाच राहतं."

तेवढ्यात दार उघडून एक तरुण दुधाची पिशवी घेऊन आत आला. मामा उठला, टोपलीतले मूठभर गुलाब त्याच्या हातात कोंबले आणि त्याला मिठी मारली.

"या, या. मुलीचे भाऊ ना?"

"हा माझा मुलगा, अभय," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतो मी. मुलीचा भाऊ."

बाईंनी चष्मा काढला. "कुठली मुलगी? मनीषा माझी सून आहे. हा तिचा नवरा."

त्याच क्षणी मनीषा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. गळ्यात मंगळसूत्र. चांगलं लांब, दोन वाट्यांचं.

मला एकदम सकाळचा फोन आठवला. ती 'आईंना' म्हणाली होती. आपल्या आईला कुणी 'आईंना' म्हणतं का? जन्मापासून मराठी बोलतोय मी. सासू आणि आई यांच्यातला तो एक अनुस्वार माझ्या कानावर पडूनही डोक्यात शिरला नव्हता.

बाईंनी मला विचारलं, "तुम्ही नक्की काय समजून आलात?"

मी मामाकडे बघितलं. शेवटी मामानेच टोपी काढून सांगितलं, "ताई, आम्ही मागणी घालायला आलो होतो."

मनीषाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं होतं, ती हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि सासूकडे बघत उभी राहिली. किती मिनतवारीने तिने क्लासची परवानगी काढली असेल, ते मला तिच्या त्या उभं राहण्यावरून कळलं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे क्लासमध्ये हे असं चालतं?"

तेव्हा मात्र मला बोलावंच लागलं. म्हणालो, "काकू, यांची काही चूक नाही. मी जोडीचं विचारलं, त्या नाचाचं समजल्या. त्यांनी सरळ उत्तर दिलं. गाढव मी आहे."

अभय खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. रागाने हलतायत की हसण्याने, हे बघायची माझी हिंमत नव्हती. बाई चष्मा लावून माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात खिडकीची काच फोडलेल्या पोराकडे बघावं तशा.

"बसा," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम होईल. तिने आठवडाभर वाट बघितलीय, तुमच्या गाढवपणापायी ती मागे का राहील? तुम्हीच नाचायचं तिच्याबरोबर. मी पुढच्या रांगेत बसणार आहे. आणि आता पोहे खा, गार होतायत."

ते पोहे मी कसे गिळले, ते माझं मला माहीत. वर ओलं खोबरं होतं, कोथिंबीर होती. मामाने दोनदा मागून घेतले. आईने पिशवीतले पेढे काढून सगळ्यांना दिले आणि नारळ परत घरी नेला.

दिवाळीनंतर कार्यक्रम झाला. तोवरच्या सगळ्या सरावात मी मनीषाच्या डोळ्यांत बघायचं सोडून तिच्या कानाकडे बघत होतो. सर ओरडून थकले. मनीषाने मला त्या दिवसाबद्दल एका शब्दाने छेडलं नाही, त्यामुळे मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण स्टेजवर, दिव्यांच्या उजेडात, मध्ये एकदा मी हात उचलला आणि तिने अशी गिरकी घेतली की माझ्या अंगावर काटा आला. घटकाभर लाजबीज सगळं विसरलो. मग समोर पहिल्या रांगेत काकू दिसल्या, शेजारी टाळ्या वाजवणारा अभय दिसला, आणि पुन्हा सगळं आठवलं.

मला वाटलं, मिटलं. पण नाशिक तेव्हा केवढंसं होतं? उन्हाळ्यात सिन्नरला एका ठिकाणी मुलगी बघायला गेलो. ही मात्र खरोखरची मुलगी बघायला. मामाने आडनाव, गाव, मुलीला भाऊ किती, सगळं आधी विचारून घेतलं होतं. मुलीचे वडील आदराने बोलले. पोहे झाले, चहा झाला. मी चुकूनही कुठल्या क्लासचं नाव काढलं नाही. निघताना त्यांनीच हसून विचारलं, साल्सा करणारे ते तुम्हीच का? मी मान खाली घालून हो म्हटलं.

चार दिवसांनी नकार आला. मध्यस्थाला मामाने खोदून खोदून विचारलं, पोराच्या नाचामुळे का? मध्यस्थ आधी सांगेचना. मग म्हणाला, "नाही हो, नाचाचं त्यांना काही नाही. उलट मुलीला आवडलं. पण त्यांचं म्हणणं, आमची पोरगी कमी बोलते, आणि या मुलाला सरळ बोललेलंसुद्धा समजत नाही असं ऐकलंय."