फिटरकाकांचे कान

फिटरकाकांना दिसायचं बेताचं, गुडघे कुरकुरायचे, दात निम्मे दवाखान्यात ठेवून आलेले. पण कान असे शाबूत, की शेजारच्या शिंप्यानं मशीन चालवलं की हे इकडे पेपर खाली ठेवून म्हणणार, "शटलला तेल नाही त्याच्या." आणि शिंपी तेल घालेपर्यंत पुढची ओळ वाचणार नाहीत. काकू म्हणायच्या, "देवानं बाकीचं सामान एकेक करून परत नेलं. कान तेवढे न्यायचे विसरला."

हे कान तयार झाले ते गल्लीमागच्या कारखान्यात. पत्र्याचे डबे बनायचे तिथे. काका मिसरूड फुटायच्या वयात आत शिरले ते केस पिकल्यावर बाहेर पडले. बाहेर पडले असं आपलं म्हणायचं. त्यांच्या जागी दुसरा माणूस घ्यायचा तो कारखान्यानं घेतलाच नाही. कशाला घेईल? काका मागच्या अंगणातच राहत होते.

त्याचं असं, की कारखान्याच्या मागच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूनं, एक भलामोठा ब्लोअर होता. रंग वाळवायच्या भट्टीतला धूर तो ओढून बाहेर टाकायचा. भिंतीच्या आत प्रेस मशिनांचा असा धडधडाट, की ब्लोअर रडतोय की हसतोय ते आतल्या कुणाला कळायचंच नाही. कळायचं ते गल्लीला, कारण भिंत आणि घरं यांच्यामध्ये एका मोकळ्या मैदानाशिवाय काही नव्हतं. बेअरिंग कोरडं पडलं की ब्लोअर आधी कुजबुजायचा, मग कण्हायचा, मग किंचाळायला लागायचा. काका कण्हण्यावरच उठायचे. मैदान ओलांडून मागच्या फाटकातून आत जायचे, ग्रीस भरून यायचे. पगार नाही, हुद्दा नाही. फोरमन त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणायचा, "उस्ताद, तुम्ही आहात म्हणून निभतंय." एवढ्या एका वाक्यावर हा माणूस फुकट राबत होता. पुरुषांना जरा कौतुक मिळालं की ते बाकी काही विचारायचे विसरतात.

आणि मग कारखान्याला ते मैदान हवंसं झालं.

धंदा वाढला होता. मैदानावर नवी शेड, शेडमध्ये आणखी प्रेस, शेडच्या डोक्यावर आणखी एक ब्लोअर. शेडची भिंत येणार होती ती काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर शिवता येईल इतकी जवळ. पण मैदान नकाशावर राहत्या वस्तीत मोडत होतं, तेव्हा पालिकेची परवानगी लागणार होती. काकूंनी कंबर कसली. अर्ज लिहिले, गल्ली गोळा केली, पालिकेचे उंबरठे झिजवले. शेवटी पालिकेनं ठरवलं, की आत्ता आहे त्या कारखान्याचा आवाज काकूंच्या ओट्यापाशी उभं राहून मोजायचा. मर्यादेच्या वर गेला तर शेड नाही. खाली राहिला तर शेड.

आता गल्ली म्हणजे काही एका सुरात बोलणारी चीज नव्हे. शिंपी शेडच्या बाजूचा, कारण नवे कामगार म्हणजे नवे गणवेश. फोरमनच्या मुलाला शेडमध्ये घ्यायचा शब्द दिला होता, त्यामुळे तोही आशा लावून बसलेला. बाकीची घरं काकूंच्या मागे.

"आणि तुम्ही कुणाच्या बाजूचे?" काकूंनी एकदा जेवताना सरळच विचारलं.

"तुझ्या."

"मग परवा फोरमनला काय म्हणालात? शेड झाली तर बरं होईल म्हणून."

"त्याच्या पोराला काम लागलं तर बरंच आहे की."

"आणि माझी खिडकी?"

"खिडकी राहिली तर तेही बरंच."

"अहो, दोन्ही कसं होईल?"

काकांनी घास हातात धरून बराच विचार केला. "तेच मला कळत नाही," ते म्हणाले.

सोंग नव्हतं ते. ती खिडकी काकांनी स्वतःच्या हातानं पाडलेली. लग्न होऊन आल्या आल्या काकू म्हणाल्या होत्या, की या बोगद्यात मी स्वयंपाक करणार नाही, आणि काकांनी रविवारी छिन्नी घेऊन भिंत फोडली होती. पण छिन्नी कारखान्यातली, चौकटीचा पत्रा कारखान्यातला, विटाही कारखान्याच्याच पगारातून आलेल्या. कुणाशी भांडायचं आणि कुणाच्या वतीनं, हे या माणसाला खरोखर सुचत नव्हतं. माझ्या ओळखीतल्या भल्याभल्या शिकलेल्यांना ते सुचत नाही. ते फक्त मोठ्यानं बोलतात म्हणून कळून येत नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी ब्लोअर कण्हायला लागला आणि काकूंचा चेहरा उजळला. "आला बाई सुरात," त्या म्हणाल्या. काका मात्र खुर्चीत चुळबुळत होते. सकाळी काकू ओटा पुसून, केस विंचरून, मोजणीवाल्याला आणायला गल्लीच्या तोंडाशी गेल्या. जाताना बजावून गेल्या, "शर्ट बदला. चारचौघांत बनियनवर बसू नका." काकांनी शर्ट बदलला. मग मागचं दार उघडलं, मैदान ओलांडलं आणि ग्रीस भरून आले.

मोजणी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांच्या डोक्यात मोजणी हा एक कप्पा आणि बेअरिंग हा दुसरा, आणि मध्ये दार नाही. मोजायचा तर ब्लोअरचा आवाज मोजावा. हे कण्हणं म्हणजे आजारपण. ते त्याच्या नावावर कसं लावायचं? पाहुणे यायच्या आधी आपण पोराचं नाक पुसतो, तितक्या सरळ मनानं काकांनी ते केलं. निघताना फोरमनला सांगितलंही, "बेअरिंग बदल रे. ग्रीसवर फार दिवस तग धरणार नाही."

"शेडची परवानगी येईपर्यंत सगळी खरेदी थांबवलीय, उस्ताद. तोवर तुम्ही आहातच."

मोजणीवाला आला. किडकिडीत, घसा खाकरत बोलणारा. त्यानं ओट्यापाशी तिपाई उभी केली, तिच्यावर यंत्र बसवलं आणि सगळ्यांना श्वाससुद्धा बेतानं घ्यायला लावला. ब्लोअर गुणी बाळासारखा घुमत होता. आकडा मर्यादेच्या काठावर आला. पण खालच्या काठावर.

"तुमचं यंत्र बिघडलंय," काकू म्हणाल्या.

"यंत्र नवं आहे, बाई."

"मग नवंच बिघडलंय. काल इथे बोललेलं ऐकू येत नव्हतं हो."

"काल मी नव्हतो." त्यानं तिपाई मिटली. "नियमाप्रमाणे आणखी एकदा येईन. या वेळी न सांगता. तो आकडा शेवटचा."

गल्ली पांगली. काकू मोरीकडे वळल्या, तर काका कपड्यांच्या साबणानं हात घासत होते. तो ग्रीसचा वास काकूंनी संसारभर धुतला होता. त्या दारातच थांबल्या.

"तुम्ही गेला होतात."

"कण्हत होता तो."

"कण्हतच ठेवायचा होता ना आजचा दिवस!"

"तसं कसं?" काकांनी इतक्या निरागसपणे विचारलं की काकूंना रागवावं की हसावं कळेना. आधी त्या हसल्या, मग ओट्याला टेकून डोळे पुसायला लागल्या. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यातल्या दोन कप्प्यांमध्ये दार पडलं.

"मी शेड आणली का गं?" ते म्हणाले.

"अजून नाही. तो परत येईपर्यंत त्या फाटकातून जायचं नाही. बस्स. मी काही मोडा म्हणत नाहीये, बिघडवा म्हणत नाहीये. नुसतं बसा."

"नुसतं बसणं म्हणजे बिघडवणंच आहे."

"निवृत्त माणसानं बसायचंच असतं. तुम्हाला तेवढंही धड जमत नाही."

काका बसले. थोड्याच दिवसांत ब्लोअर कुजबुजायला लागला. काकांनी पेपर डोळ्यांपुढे धरला. मग तो कण्हायला लागला, आणि काकांनी तोच पेपर उलटा धरल्याचं काकूंनी पाहिलं. काका कारखान्याच्या पुढच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाईनासे झाले, कारण तिथे फोरमन भेटला असता आणि त्यानं सहज विचारलं असतं, "कसा काय आहे आपला गडी?" त्याला काय सांगणार? आम्ही त्याला आजारी पडू देतोय, असं?

मोजणीवाल्याचा पत्ता नाही. ब्लोअर किंचाळायला लागला. गल्लीनं कानात कापूस घातला. शिंपी गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलू लागला. काकांना कापूस चालेना. तो घातला की आवाज डोक्याच्या आतून येतो, म्हणाले. जेवण तुटलं, दाढी वाढली. एका दुपारी काकूंनी पाहिलं, की ते मागच्या दारात उभे आहेत आणि उजव्या हाताची मूठ आपोआप उघडझाप करतेय, ग्रीस गनचा दांडा दाबल्यासारखी.

काकू बाई म्हणून तिखट, पण दगड नव्हेत. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

"जा," त्या म्हणाल्या. "भरून या. मरा मग शेजारी शेड घेऊन, पण जेवा तरी."

काका वळले. काकू खिडकीपाशी उभ्या होत्या. ऊन त्यांच्या खांद्यावरून चिरलेल्या भाजीवर पडलं होतं. काकांनी खिडकीकडे पाहिलं, बाहेर भिंतीकडे पाहिलं, परत आत पाहिलं. मग दार लोटलं आणि खुर्चीत येऊन बसले. का, ते काकूंनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं. परवानगी मिळाल्यावर माणूस हटून बसतो, असं आमच्या घरातही पाहिलंय मी. पण हे तसं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मोजणीवाला टपकला. तिपाई लावायच्या आधीच त्यानं कान झाकले. आकडा वर, चांगलाच वर. शेड रद्द. गल्लीत लोक एकमेकांच्या पाठी थोपटत सुटले. शिंपीसुद्धा येऊन काकूंना "अभिनंदन" म्हणून गेला, जरा चिंचोक्यासारखं तोंड करून. काकू गर्दीतून वाट काढत काकांपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता जा. पळा."

गुडघे विसरून काका निघाले. पण मैदानाच्या मध्यावरच त्यांची पावलं अडखळली. किंचाळणं थांबलं होतं. मंद होत होत थांबलं नव्हतं. तुटल्यासारखं थांबलं होतं.

काका तिथेच खिळून राहिले, आणि शेवटी फाटकातून आत गेले तेव्हा ब्लोअर खाली उतरवलेला होता. फोरमन बाह्या सरसावून जमिनीवर बसला होता. बेअरिंगच्या गोळ्यांचा चुरा झालेला, आणि शाफ्टवर, बोट घातलं तर बसेल इतकी खोल चरी. काकांनी खाली वाकून त्या चरीवरून अंगठा फिरवला. शाफ्ट गेला होता. हा शाफ्ट त्यांनीच बसवलेला, फोरमन तेव्हा पाने हातात आणून द्यायचा.

"वर गेलो तेव्हा शाफ्ट तापून निळा पडला होता," फोरमन म्हणाला. "आत आम्हाला काही कळलंच नाही. भट्टी बंद, रंगखातं बंद. शेड तर गेलीच म्हणा." त्यानं हात पुसले. आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं पडलेलं. "पण उस्ताद, इतके दिवस ओरडत असणार हा. तुम्हाला ऐकू नाही आला?"

काकांनी तोंड उघडलं. खरं सांगितलं तर काकू खोट्या पडतात. आकडा उद्या पुन्हा वादात. आणि फोरमनच्या तोंडावर म्हणायचं तरी काय, की ऐकला रे, रोज ऐकला, सूर बदलला तो क्षणसुद्धा ऐकला, आणि बसून राहिलो? ऐकू आलं नाही म्हणावं, तर ते कान. आयुष्यभर दुसरं होतं काय या माणसाकडे मिरवायला?

"कान गेले रे," ते म्हणाले. "वय झालं."

 फोरमनचा चेहरा असा उतरला, की शेड गेल्यावरही तसा उतरला नव्हता. त्यानं उठून काकांचा दंड धरला, त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाला, "जपून जा, उस्ताद. गाड्यांकडे लक्ष ठेवा."

काकांनी मान हलवली. मग आठवण होऊन, बहिऱ्या माणसानं बोलावं तितक्या मोठ्यानं म्हणाले, "काय म्हणालास?"