कोण नको ते सांगा

एप्रिलची तीन तारीख, रविवार, सकाळचे नऊ. स्थळ: औसा, आमचं घर. हजर: माझे वडील, म्हणजे अप्पा, खाटेवर, आई त्यांच्या पायाशी, धाकटे काका दारात, भाड्याची जीप उभी करून, काकू जीपमध्ये, चांगली जागा धरून, आणि मी, वही घेऊन. गैरहजर: पाणी. लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता, पाट्या नव्या रंगवल्या होत्या आणि टँकर तिसऱ्या दिवशी येत होता.

प्रश्न एकच होता. पोटातला गोळा आता निघण्यासारखा नाही, घरी न्या, असं सोलापूरच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. अप्पांचं म्हणणं, मला ह्या खाटेवरून हलवू नका. काकांचं म्हणणं, परत सोलापूरला न्यायचं. कशासाठी, ते त्यांनी स्पष्टच सांगितलं, "न्हाई नेलं तर लोक म्हणतील, भावानं काई केलं न्हाई."

एवढ्यात नर्सबाई आल्या आणि आम्हा सगळ्यांना ओलांडून सरळ खाटेपाशी गेल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, बुटक्या, आवाज मात्र तालुकाभर पुरेल एवढा. ज्यांच्यावर उपाय संपलेत अशांची त्या घरी जाऊन शुश्रूषा करत. गाव पाठीमागे त्यांना 'शेवटच्या बाई' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू द्या. पहिल्या बाईला तरी कोन इचारतंय? सुईन म्हणून सोडून देतेत."

घरच्यांना त्या काही विचारत नसत. विचारायचं ते आजाऱ्याला, आणि प्रश्न दोनच. पहिला, "दुखायलंय का?" दुसरा, "कोण नको ते सांगा." कोण हवं ते सगळेच विचारतात, असं त्यांचं मत, नको असलेलीच उशाशी येऊन बसतात.

अप्पांनी बोट उचललं आणि दाराकडे केलं. "ह्यो. जीप घिऊन आलेला."

बाईंनी काकांना उंबऱ्याबाहेर काढलं. काकू जीपमधून उतरल्या त्या रागातच.

दुसऱ्या दिवसापासून बाईंचा नियम दाराला लागला: भेटायला येणाऱ्यानं फळं आणू नयेत, भरलेली घागर आणावी. "आजाऱ्याला दिवसातनं दोनदा पुसाया लागतं, चादरी धुवाया लागतेत. तुमच्या केळ्यानं पुसू का?" याचा परिणाम असा झाला की अप्पांवर जिवापाड प्रेम असलेल्या नातेवाइकांपैकी निम्म्यांचं प्रेम टँकरच्या रांगेतच आटलं. उरलेले घागर घेऊन आले. त्यांची नावं माझ्या वहीत आहेत. आटलेल्यांचीही आहेत.

गोळ्यांची वेळ माझ्याकडे होती. अप्पा म्हणायचे, आता दुखत नाही, कशाला गोळी? बाई ऐकत नसत. "दुखायच्या आधी गोळी, अप्पा. दुखल्यावर द्यायची म्हंजी घर जळल्यावर इहीर खांदायची." आई रडत वाटीभर भात घेऊन त्यांच्या तोंडाशी जायची. बाईंनी वाटी काढून घेतली आणि तिच्या हातात ओला कापूस दिला. "मानूस जेवना म्हणून मरायला न्हाई, माय. मरायलाय म्हणून जेवना. व्हट वले करा, त्येवढंच पायजे त्यान्ला." आई एवढं करताना पहिल्यांदाच शांत दिसली.

विहीर खणायचा विषय काकांनी मात्र भलताच मनावर घेतला. बाई घरात शिरल्या म्हणजे आता दोन दिवस, असा त्यांनी हिशोब केला. आमच्यात मृताला बसवून समाधी देतात. दुष्काळानं जमीन दगड झालेली, ऐन वेळी खणायला दिवस जाईल, म्हणून त्यांनी गडी लावून शेतात खड्डा काढून ठेवला. खणलेला खड्डा रिकामा ठेवणं अशुभ, म्हणून आत लिंबाची फांदीही टाकली. ही बातमी घागर घेऊन आलेल्या एका मावशीनं अप्पांना प्रेमानं सांगितली.

अप्पांनी काकांना बोलावून घेतलं.

"किती खोल काढलाव?"

"सहा फूट," काका खाली मान घालून म्हणाले.

"पानी लागलं का?"

"न्हाई."

"मग अजून काढ. लागलं तर मी हितंच ऱ्हातो, तुमी तिथनं घागरी भरा."

बाई इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. काका आधी रडले, मग हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खांद्यावर घागर घेऊन दारात उभे राहिले. बाईंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मान हलवली. काका आत आले.

दोन दिवसांच्या हिशोबाचे अप्पांनी एकोणीस केले. विसाव्या दिवशी सकाळी, त्याच खाटेवर, आई ओठ ओले करत असतानाच ते गेले. शेवटची अंघोळ काकांनी आणलेल्या पाण्यानं झाली.

बाई निघाल्या तेव्हा मी चेष्टेत म्हटलं, "बाई, तुम्हाला कोण नको?"

त्या चपला घालता घालता थांबल्या. "आधी कुनी इचाराया तर पायजे. तुमी या तवा, मास्तरीणबाई. वही घिऊन या."

मी तिथल्या तिथं लिहिलं: बाईंना विचारणे.

काही वर्षांनी त्या भाच्याकडे नायगावला राहायला गेल्या. एका मार्चमध्ये पत्र आलं: अंथरूण धरलं आहे, वही आणा. शाळेत परीक्षा होत्या. पेपर, निकालपत्रकं, हजेरीपटाची बेरीज. माझ्या यादीत नायगाव सातव्या क्रमांकावर होतं. मी सगळी कामं क्रमानं करते, त्याचा मला अभिमान होता.

सहा कामं उरकून मी नायगावला पोचले तेव्हा बाईंना जाऊन आठ दिवस झाले होते. नांदेडला, दवाखान्यात. भाचा भला माणूस. त्यानं मला चहा पाजला आणि छाती पुढं काढून सांगितलं, "काईच कमी पडू दिलं न्हाई, मॅडम. नाकात नळी, हाताला बाटली, समदं केलं. समदे पाव्हणे बोलावले. शेवटपरेंत खाटंभवती गर्दी होती."

"त्यांना विचारलं होतं का?"

"त्यान्ला काय इचारायचं?" तो खरोखर बुचकळ्यात पडला. "त्या आजारी हुत्या की."

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण आहे. एकीपुढे नाही: बाईंना विचारणे.